माजी मंत्र्यांचा शब्द कुठे नोंदवला जातो?

निवडणूक हरून पाच-सात वर्षं झालेल्या नेत्याच्या बंगल्यासमोर सकाळी नऊ वाजता गर्दी का असते, हा प्रश्न मराठवाड्यात कुणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. साहेब पदावर नाहीत, पण साहेबांचा शब्द चालतो. मुलाची बदली, शाळेची तुकडीवाढ, पाझर तलावाची दुरुस्ती, जळालेलं रोहित्र, बँकेत अडकलेलं कर्जप्रकरण. एक फोन जिल्ह्याला जातो, एक मुंबईला जातो आणि महिनोन् महिने न हललेला कागद हलतो.

त्या गर्दीतल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. सरळ मार्गाने काम होत असतं, तर दिवसाची मजुरी बुडवून कुणी बंगल्याच्या अंगणात उभं राहिलं नसतं. पण त्याच बंगल्याच्या आतल्या खोलीत आणखी काही लोक बसलेले असतात. कुणाला रस्त्याचं कंत्राट हवं असतं, कुणाला खाणपट्टा, कुणाला एमआयडीसीतल्या भूखंडाची मुदतवाढ, कुणाला जमिनीचा झोन बदलून. अंगणातल्या माणसासाठी जो फोन फिरतो, तोच फोन आतल्या माणसासाठीही फिरतो. फरक एवढाच की आतल्या कामाची किंमत कोटींत असते आणि ती आपल्या सगळ्यांच्या खिशातून जाते. हा लेख त्या आतल्या खोलीबद्दल आहे.

सरकारचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचणं, त्याला पटवणं, पाठपुरावा करणं याला लॉबिंग म्हणतात. यात मुळात वाईट काही नाही. शेतकरी संघटना सोयाबीनच्या भावासाठी मंत्र्यांना भेटते, तेही लॉबिंगच. मराठवाड्याला तर याची मोठी परंपरा आहे. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून ब्रॉडगेज रेल्वेसाठी, सिंचनासाठी, वैधानिक विकास मंडळासाठी वर्षानुवर्षं सरकारचा पाठपुरावा केला. पण ते काम उघड्यावर होतं. परिषद भरायची, ठराव व्हायचा, निवेदन छापलं जायचं, वर्तमानपत्रात त्यावर वाद व्हायचा. मागणी कुणाची, कशासाठी आणि कुणाकडे केली हे सगळ्या प्रदेशाला माहीत असायचं. ज्याला पटत नसेल, त्याला विरोध करता यायचा.

बंद खोलीतल्या फोनला विरोध कसा करणार? तो झाला हेच कुणाला कळत नाही.

आता माजी मंत्री किंवा माजी आमदार यांचाच वेगळा विचार का करायचा, ते पाहू. पद सोडताना माणूस गाडी, बंगला, शिपाई परत करतो. पण काही गोष्टी त्याच्याबरोबर घरी येतात. कुठली फाईल कुठल्या टेबलावर अडते आणि कुणाच्या शेऱ्याने सुटते, हे त्याला पाठ असतं. ज्या अधिकाऱ्यांना त्याने चांगल्या जागी नेमलं, त्यांच्या मनात कृतज्ञता असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो परत येऊ शकतो. आज माजी, उद्या आजी. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत सरकारं ज्या वेगाने बदलली, ते पाहता कुठला अधिकारी माजी मंत्र्याचा फोन न उचलण्याची जोखीम घेईल? हे सगळं वजन त्याला जनतेने दिलेल्या पदामुळे मिळालेलं असतं. ते पद गेल्यावर तेच वजन तो एखाद्या कंपनीच्या कामाला लावत असेल, तर जनतेला किमान ते कळलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. माजी आमदाराला राज्याच्या तिजोरीतून निवृत्तिवेतन मिळतं, तेही आपल्याच पैशातून. विचारण्याचा हक्क तिथेही येतो.

या विषयावरचं सगळ्यांत बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे. डेव्हिड कॅमेरॉन २०१० ते २०१६ या काळात तिथले पंतप्रधान होते. पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी त्यांनीच जाहीर भाषणात बजावलं होतं की पुढचा मोठा घोटाळा लॉबिंगचा असेल. त्यांच्याच सरकारने २०१४ मध्ये लॉबिंगच्या नोंदणीचा कायदा केला. पद सोडल्यावर माजी मंत्र्यांनी दोन वर्षं सरकारकडे लॉबिंग करायचं नाही, अशी आचारसंहिताही तिथे होती. कॅमेरॉन यांनी दोन वर्षं थांबून २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्रीनसिल कॅपिटल या वित्त कंपनीचं सल्लागारपद घेतलं. २०२० मध्ये कोविड आला, कंपनीला सरकारी मदत योजनेत शिरायचं होतं, आणि माजी पंतप्रधानांनी थेट अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्यासह मंत्र्यांना आणि बड्या अधिकाऱ्यांना मोबाइलवरून संदेश पाठवायला सुरुवात केली. मागणी शेवटी फेटाळली गेली. मार्च २०२१ मध्ये कंपनी बुडाली, तेव्हा हे संदेश बाहेर आले.

पुढे जे झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की कॅमेरॉन यांनी सारासार विचार दाखवला नाही, पण नियम मोडला नाही. कारण दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. आणि २०१४ च्या कायद्यात नोंदणीची सक्ती फक्त भाडोत्री सल्लागारांना होती. स्वतः कंपनीच्या नोकरीत असलेल्या माणसाला ती लागूच नव्हती. म्हणजे कायदा होता, पण सगळ्यांत वजनदार माणूस ज्या दारातून आत जाणार, तेच दार उघडं ठेवलेलं होतं. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिथे समिती बसली, माजी पंतप्रधानांना तासन् तास उलट प्रश्न विचारले गेले आणि संदेश लोकांसमोर आले.

आपल्याकडे काय आहे? लॉबिंगचा कायदा भारतात नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही. त्याच्या थोडं आधी, २०१२ च्या डिसेंबरात, वॉलमार्टवरून संसदेत मोठा गदारोळ झाला. कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि त्यात भारतातल्या परकी गुंतवणुकीचाही विषय होता, हे उघड झालं. निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशीही लागली. पण ही माहिती आपल्याला कळली कशी? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कंपनीला तिथे विवरणपत्र भरावं लागतं म्हणून. आपल्या देशातल्या निर्णयासाठी कोण धडपडतंय, हे आपल्याला परदेशातल्या नोंदवहीतून समजलं.

केंद्राच्या सेवेतला वरिष्ठ अधिकारी निवृत्त झाला, तर खासगी कंपनीत जाण्यापूर्वी त्याला एक वर्ष थांबावं लागतं किंवा परवानगी घ्यावी लागते. मंत्र्याला असं काही बंधन नाही. मंत्र्यांसाठीची आचारसंहिता आहे. पद घेताना धंद्याच्या कारभारापासून दूर व्हावं, मालमत्ता जाहीर करावी, असं ती सांगते. पण पद सुटलं की तीही सुटते. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या बदलीसाठी राजकीय वशिला आणला, तर महाराष्ट्राच्या वर्तणूक नियमांप्रमाणे तो गैरवर्तन करतो. वशिला लावणाऱ्यावर मात्र कुठलाच नियम बोट ठेवत नाही.

एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने कलम ७अ आलं. लोकसेवकाकडून गैरमार्गाने काम करून घेण्यासाठी, स्वतःचं वैयक्तिक वजन वापरण्याच्या बदल्यात कुणी गैरवाजवी लाभ घेतला, तर त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. लाभ घेणारा स्वतः पदावर असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. म्हणजे माजी नेताही त्यात येतो. पण त्यासाठी लाभ वजन वापरण्याच्या बदल्यातच होता, हे सिद्ध करावं लागतं. शब्द टाकल्याची नोंदच कुठे नसेल, तर कलम पुस्तकातच राहतं.

परदेशातली चर्चा वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. तिकडे धरून चालतात की माणूस आधी राजकारणात असतो, मग बाहेर पडून कंपनीत जातो आणि मधे काही काळ त्याला थांबवलं की प्रश्न सुटतो. मराठवाड्यातलं चित्र तसं नाही. इथला नेता मंत्री असतानाही कारखान्याचा माणूस असतो आणि मंत्रिपद गेल्यावरही असतो. साखर कारखाना, शिक्षण संस्था, सूतगिरणी, दूध संघ, पतसंस्था, जिल्हा बँक. अध्यक्षपद कधी स्वतःकडे, कधी मुलाकडे, कधी सुनेकडे. त्याला कुठे जायचंच नसतं. तो आधीपासून दोन्हीकडे असतो.

कारखान्याचंच उदाहरण घेऊ. हंगाम सुरू करायला पैसा नाही, बँक कर्ज द्यायला तयार आहे पण सरकारची थकहमी मागते. थकहमी म्हणजे कारखान्याने कर्ज बुडवलं तर सरकार भरेल, ही लेखी जबाबदारी. माजी मंत्री आणि कारखान्याचे अध्यक्ष असलेले साहेब मंत्रालयात जातात आणि हमी मिळवून आणतात. हे चूक की बरोबर? कारखाना सुरू झाला तर हजारो सभासदांचा ऊस गाळला जाईल, वाहतूकदारांना काम मिळेल. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर भाव, १४ दिवसांत द्यायची असते, ती मिळण्याची आशा राहील. म्हणजे साहेबांनी लोकांसाठीच भांडण केलं, असं म्हणता येतं. पण कारखाना आधीच कारभाराने पोखरलेला असेल, शेजारच्या तालुक्यातल्या त्याहून बऱ्या कारखान्याला हमी नाकारली गेली असेल, तर? सभासद म्हणून फायदा दिसतो आणि करदाता म्हणून तोटा होतो, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे दोघं एकच माणूस असतात.

म्हणून ‘माजी मंत्र्यांना मंत्रालयात बंदी घाला’ ही मागणी इथे चालणार नाही असं मला वाटतं. ती योग्यही नाही. अनुभवी माणसाने आपल्या भागासाठी बोलावंच. मागायची ती नोंद. कोण, कुणाला, कुठल्या तारखेला, कशासाठी भेटलं. त्यात त्याचा स्वतःचा किंवा घरच्यांचा काय हितसंबंध होता. आणि शेवटी काय निर्णय झाला. एवढं लिहिलेलं असलं की थकहमी योग्य होती की नव्हती, हे लोक स्वतः ठरवू शकतात.

उघड प्रक्रिया किती फरक पाडते, याचा अनुभव मराठवाड्याने पाण्याच्या बाबतीत घेतला आहे. जायकवाडीत वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचा जुना झगडा आहे. दोन्हीकडचे आजी-माजी नेते त्यात पूर्ण ताकद लावतात. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व कायद्यात लिहिलं गेलं. किती साठा असताना किती पाणी सोडायचं याचं कोष्टक मेंढेगिरी समितीने दिलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या आदेशाप्रमाणे ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचं, हा आकडा आज पैठणच्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे. भांडण मिटलेलं नाही. पण दोन्ही बाजूंचं म्हणणं कागदावर आहे, आदेशाला कारणं दिलेली आहेत आणि त्यावर दाद मागता येते. हाच निर्णय फोनवर होत राहिला असता, तर ज्याच्या पालकमंत्र्याचं वजन जास्त त्याचंच पाणी, एवढाच नियम उरला असता.

याच्या उलट वैधानिक विकास मंडळाचं झालं. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये मराठवाड्याचं मंडळ आलं. त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणं बंधनकारक होतं. म्हणजे अनुशेष किती, निधी किती, याची लेखी चर्चा होण्याची एक जागा होती, ती कितीही अपुरी असली तरी. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. मागणीची उघड जागा बंद झाली म्हणून मागण्या थांबल्या नाहीत. त्या ओळखीच्या वाटेने जाऊ लागल्या आणि ओळखी विकणाऱ्यांचा भाव वाढला.

आता नोंद कुठे होते किंवा व्हायला हवी, ते जवळून पाहू. जिल्हाधिकारी कार्यालयात तुम्ही निवेदन दिलं की आवक शाखेत शिक्का बसतो, क्रमांक आणि तारीख पडते, तुम्हाला पोच मिळते. मग ते संबंधित संकलनात, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर जातं. तिथे लिपिक टिपणी लिहितो, ‘आदेशार्थ सादर’ म्हणून खाली सही करतो, अव्वल कारकून, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार असं करत फाईल वर चढते. प्रत्येकाचं मत आणि सही त्या टिपणीवर असते. समजा त्याच विषयावर ‘माजी मंत्री’ असं छापलेल्या लेटरहेडवर शिफारस आली. तिलाही आवक क्रमांक पडायला हवा आणि ती फाईलला लागायला हवी. बऱ्याच वेळा ती पीएच्या हातून थेट साहेबांच्या टेबलावर जाते. फोन असेल तर तेवढंही नाही. टिपणीत आदल्या दिवशीपर्यंत ‘नियमात बसत नाही’ असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ‘चर्चेनुसार मंजुरीस हरकत नाही’. चर्चा कुणाशी, याबद्दल एक अक्षर नाही. मी अशा फाईलींकडे बघताना सगळ्यात आधी ‘चर्चेनुसार’ हा शब्द शोधतो.

हे चालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलेलं आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यन या माजी कॅबिनेट सचिवांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल देताना न्यायालय म्हणालं की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या लिहून ठेवाव्यात. नाहीतर नागरिकांना माहिती अधिकाराने दिलेला हक्कच पोकळ होतो. हा विचार नवा नाही. १९६४ मध्ये संथानम समितीने आपल्या अहवालात कंपन्यांच्या ‘संपर्क’ माणसांबद्दल सावध केलं होतं आणि अधिकृत प्रतिनिधी असल्याशिवाय अधिकाऱ्याने अशा माणसाशी व्यवहार करू नये, भेटींची नोंद ठेवावी, असं सुचवलं होतं. साठ वर्षं उलटली.

बाहेर हे करून दाखवलेले देश आहेत. आयर्लंडच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे लॉबिंग करणाऱ्याला वर्षातून तीनदा विवरण द्यावं लागतं: कुणाला भेटलो, कशाबद्दल, काय हवं होतं. ते कुणालाही संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. चिलीने २०१४ मध्ये ही जबाबदारी अधिकाऱ्यांवरच टाकली. भेट, दौरा आणि भेटवस्तू यांची नोंद त्यांनीच प्रसिद्ध करायची. मला चिलीची पद्धत आपल्यासाठी जास्त जवळची वाटते. साहेबांना नोंदणी करायला लावणं अवघड आहे. खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याला ‘आज कोण येऊन गेलं’ हे लिहायला लावणं त्या मानाने सोपं आहे, आणि त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. राज्य सरकारच्या एका शासन निर्णयाने ते सुरू होऊ शकतं. आज मंत्रालयात सामान्य माणूस कुठल्या विभागात जाणार, हे सांगून, पास काढूनच आत जातो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेल्या परभणीच्या शेतकऱ्याची नोंद होते, तर बड्या माणसाच्या भेटीची का होऊ नये?

असा शासन निर्णय निघेपर्यंत हातात माहितीचा अधिकार आहे. तुमच्या गावाजवळच्या खाणपट्ट्याला, लेआउटला किंवा कारखान्याच्या हमीला मंजुरी कशी मिळाली, हे पाहायचं असेल तर अर्जात मोघम विचारू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. मागणी अशी लिहा (सरकारी भाषेत फाईलला नस्ती म्हणतात): ‘अमुक मंजुरीच्या नस्तीतील टिपणी भागाच्या संपूर्ण प्रती, या विषयावर लोकप्रतिनिधी, माजी लोकप्रतिनिधी किंवा इतरांकडून आलेल्या शिफारसपत्रांच्या प्रती, आवक क्रमांक व दिनांकासह, तोंडी किंवा दूरध्वनीवरील सूचनांची नोंद असल्यास तिची प्रत, तसेच संपूर्ण नस्तीची प्रत्यक्ष तपासणी.’ शेवटची मागणी सोडू नका. झेरॉक्समध्ये पान गळू शकतं, फाईल समोर असली की पानांचे क्रमांक मोजता येतात.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि तिथेही न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं. हल्ली ‘वैयक्तिक माहिती आहे’ हे उत्तर जास्त येईल, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) पूर्वीपेक्षा कडक केलं. अपिलात कलम ८(२) दाखवा. गुप्ततेपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं. निर्णयाचा तुमच्यावर थेट परिणाम होत असेल, तर कलम ४(१)(घ) सुद्धा लिहा. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं देणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे.

आणि ‘शिफारसपत्र अथवा सूचनांची कोणतीही नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर निराश होऊन ते फेकून देऊ नका. कार्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी तुमच्या हातात आता एक लेखी विधान आहे. आदल्या दिवशीची ‘नियमात बसत नाही’ आणि दुसऱ्या दिवशीची ‘चर्चेनुसार’ अशा दोन टिपण्या त्याच्या शेजारी ठेवा आणि मंजुरीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा की ती चर्चा कुणाशी झाली होती. ते पत्र आवक शाखेत द्या आणि पोच घ्या.